साखळीतलं रिचार्जचं दुकान, जिथे 'हे सिम घेऊ नका' असं सांगतात

गोव्यातल्या साखळी गावात बस स्टँडपासून बाजाराकडे जाताना एक छोटं मोबाईल रिचार्जचं दुकान लागतं. नाव टाकू नको असं मालकाने सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण दारात जुना लाल नाण्याचा फोन अजून लटकवून ठेवलाय, त्यावरून कोणालाही सापडेल. कव्हर, चार्जर, टेम्पर्ड ग्लास, झेरॉक्स, सगळं नेहमीचंच. वेगळेपणा एका वहीत आहे, आणि ती वही बघितल्यावर मला वाटलं की ह्या दुकानाबद्दल लिहायलाच पाहिजे, कारण सध्या जो तो स्वस्त सिमच्या मागे आहे आणि खरं सांगणारा माणूस मिळत नाही.

जुलै 2024 ला जिओ, एअरटेल, व्हीआय तिघांनी एका आठवड्यात दर वाढवले, बीएसएनएलने वाढवले नाहीत, तेव्हा सगळीकडे पोर्ट करायला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला, लोक धावले ते आठवत असेल. तेव्हापासून आमच्या भागात स्वस्त काय आहे हा रोजचा विषय झालाय. माझ्या आईचं पण तेच. तिला नेट नको, व्हॉट्सअ‍ॅप नको, फक्त बहिणींशी बोलायचंय आणि बँकेचा ओटीपी यायला हवा, आणि त्यासाठी दर महिन्याला डेटासकट पॅक मारायचा म्हणजे तिच्या जिवावर येतं. रस्त्यावर छत्री लावून बसलेल्या एका पोराने तिला एका कंपनीचं स्वस्त सिम जवळजवळ गळ्यात मारलंच होतं, मी म्हटलं थांब, साखळीला विचारून येऊ.

दुकानदाराने पहिला प्रश्न बजेटचा नाही विचारला. गाव कुठलं, केरी सांगितल्यावर केरीत कुठला वाडा, घर चिऱ्याचं की सिमेंटचं, आई फोन स्वयंपाकघरात ठेवते की सोप्यावर, हे सगळं विचारलं आणि मग खणातून ती वही काढली. लांबट हिशेबाची वही, पुठ्ठ्याला सेलोटेप लावलेली, आत गावाप्रमाणे पानं. केरी, मोर्ले, होंडा, ठाणे, सुर्ला. प्रत्येक पानावर वाडा, कंपनी आणि पुढे बारीक अक्षरात 'घरात नाही, अंगणात आहे', 'लाईट गेली की टॉवर पण जातो', 'माडीवर 4जी, खाली फक्त कॉल' असल्या नोंदी. ज्यांना सिम विकलं त्यांनाच परत आल्यावर विचारून लिहिलेल्या, आणि बदललं की जुनी नोंद लाल पेनाने खोडून नवीन. आमच्या वाड्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "तुमगेर हें चलचें ना, घेवं नाकात." विक्री हातची सोडली! वर आईला सांगितलं की आहे तो नंबर तसाच ठेवा आणि फक्त कॉल-एसएमएसचा पॅक मारा. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलून असे बिनडेटाचे पॅक कंपन्यांना सक्तीचे केले, हे मला पण नीट माहीत नव्हतं आणि अ‍ॅपवर ते पॅक शोधून काढायचे म्हणजे पार तळाशी जावं लागतं. त्याने 84 दिवसांचा मारून दिला, आई खूश.

त्याच्याशी बोलताना जे कळलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण स्वस्त कंपन्या गोव्यात का टिकल्या नाहीत ह्याचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालं नव्हतं.

2009 ला टाटा डोकोमो आलं, सेकंदाला एक पैसा, तोपर्यंत आपण मिनिटाचे पैसे भरत होतो, अर्धा मिनिट बोललं तरी पूर्ण मिनिट. पाठोपाठ युनिनॉर आणि बाकीचे. दर भन्नाट, पोरं दोन-दोन सिम घेऊन फिरायची. पण 2008 चं लायसन्स घेऊन आलेल्या नव्या कंपन्यांना 1800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातलं थोडंसं, 4.4 मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम, म्हणजे सिग्नलच्या लहरी वापरायचा हक्क, मिळालेलं, आणि जुन्यांपैकी काहींकडे 900 चं होतं. 900 ची लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते, 1800 ची तेवढी नाही, म्हणजे तेवढाच गाव झाकायला नव्या कंपनीला जास्त टॉवर लागणार. आता आपल्याकडची घरं बघा, हातभर जाडीच्या चिऱ्याच्या भिंती, चारी बाजूला माड-फणस, मागे डोंगर. अंगणात दोन दांड्या, आत आलं की गायब. आणि नवा टॉवर लावायचा म्हटलं की ग्रामसभेत विरोध. लोकांना भीती वाटते, त्यांचं ऐकून घेतलंच पाहिजे, पण ज्याचे टॉवर आधीच उभे आहेत त्याला काही फरक पडत नाही, अडतो तो नवीन येणारा.

दुसरी गोष्ट तर मला पहिल्यांदाच समजली. एका कंपनीवरून दुसऱ्या कंपनीवर कॉल लावला की लावणाऱ्या कंपनीने उचलणाऱ्या कंपनीला मिनिटाला पैसे द्यायचे असा नियम होता, 2009 ते 2015 पर्यंत 20 पैसे, मग 14, ऑक्टोबर 2017 पासून 6, आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य. नव्या कंपनीचे ग्राहक थोडे, त्यामुळे तिच्या माणसाचे बहुतेक कॉल मोठ्या कंपनीच्या माणसालाच जाणार, म्हणजे स्वस्त विकायचं ते विकायचं आणि वर प्रत्येक मिनिटाला स्पर्धकाच्याच खिशात पैसे घालायचे. पुढे 2 फेब्रुवारी 2012 ला सुप्रीम कोर्टाने त्या 2008 च्या वाटपातली 122 लायसन्स रद्द केली, त्यात कितीतरी कंपन्यांचा खेळ संपला. युनिनॉरने लिलावात परत स्पेक्ट्रम घेतलं, नंतर टेलिनॉर झालं, 2018 ला एअरटेलमध्ये गेलं. डोकोमोचे ग्राहक पण 2019 ला तिथेच. एअरसेल 2018 ला दिवाळखोरीत.

एकटं जिओ टिकलं, पण तो बजेटवाला नवखा म्हणायचा का? मागे रिलायन्सचा पैसा, सप्टेंबर 2016 पासून मार्च 2017 पर्यंत सगळं फुकट देण्याची ताकद कोणाकडे असते! आणि तरीही सुरुवातीला जिओवरून दुसरीकडे कॉल लागत नव्हते, कारण जुन्या कंपन्यांनी पुरेशी जोडणीच दिली नाही असं ट्रायला दिसलं, आणि ऑक्टोबर 2016 मध्ये एअरटेल, व्होडाफोन, आयडिया मिळून 3,050 कोटींच्या दंडाची शिफारस झाली. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर छोट्याचं काय होणार?

मी विचारलं की मग दुसऱ्याचे टॉवर भाड्याने घेऊन आपल्या नावाने सिम विकायचं, बाहेर देशात चालतं तसं, ते इथे का नाही? ब्रिटनमध्ये व्हर्जिन मोबाईलने 1999 ला तेच सुरू केलं, अमेरिकेत मिंट मोबाईल टी-मोबाईलच्या नेटवर्कवर चालायचं आणि शेवटी 2024 ला टी-मोबाईलनेच ते विकत घेतलं. आपल्याकडे 2016 पासून त्याला परवानगी आहे. पण इथे किरकोळ दरच इतका खाली आलेला की घाऊक घेऊन विकण्यात मधे काही उरतच नाही. आणि ज्याचा टॉवर त्याचा ग्राहक आधी, भाडेकरू मागे, बाहेर तर गर्दीच्या वेळी अशा स्वस्त कंपन्यांच्या ग्राहकांचं नेट आधी हळू होतं. आपल्याकडे चवथीला मुंबई-पुण्याहून सगळे गावी आल्यावर मोठ्या कंपनीचं नेटसुद्धा गोल गोल फिरत राहतं, तेव्हा भाडेकरूचं काय झालं असतं त्याची कल्पना करा.

पण दुकानदाराचं मुख्य म्हणणं वेगळंच होतं आणि मला ते शंभर टक्के पटलं. तो म्हणतो की टॉवर कमी असणं हे मरण नाही, जिथे टॉवर नाही तिथे सिम विकणं हे मरण आहे. कंपनीचा माणूस येतो, महिन्याला इतकी अ‍ॅक्टिव्हेशन पाहिजेत म्हणून टार्गेट देतो, छत्रीवाली पोरं कोणाचाही अंगठा घेऊन सिम देतात, तो माणूस घरी जातो, फोन लागत नाही, आणि पुढची पाच वर्षं तो वाड्यावर सगळ्यांना सांगत सुटतो की ही कंपनी भिकार. कंपनी तिथे पुढच्या वर्षी टॉवर लावेलही, पण नाव गेलं ते गेलं. कमिशन विकल्यावर मिळतं, ग्राहक टिकला तर मिळत नाही, मग दुकानदाराने खरं का सांगावं? हा माणूस तरी सांगतो, आणि त्याचं नुकसान सोसतो, म्हणून मला त्याच्याबद्दल मनापासून आदर वाटला. ज्या गावांत एखादं स्वस्त सिम चांगलं चालतं तिथल्या लोकांना तो ते स्वतःहून घ्यायला लावतो हेही सांगितलं पाहिजे. बीएसएनएलचं स्वदेशी 4जी 27 सप्टेंबर 2025 ला देशभर सुरू झालं, तेव्हापासून वहीतली बरीच पानं परत लिहायला घेतलीत असं म्हणाला. खाजगीवाले 2022 पासून 5जी देतायत आणि हे आत्ता 4जी, उशीर झालाच, पण स्वस्त पर्याय जिवंत राहिला तरच बाकीच्यांच्या दराला लगाम राहतो असं माझं ठाम मत आहे.

घाटातल्या लोकांसाठी एक गोष्ट. फोन कंपन्यांसाठी देशाचे जे विभाग पाडलेत, ज्यांना सर्कल म्हणतात, त्यात गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो, बेळगाव कर्नाटकच्या. पूर्वी चोर्ला घाटात फोन कर्नाटकचा टॉवर पकडायचा आणि घरबसल्या रोमिंगचे पैसे कापले जायचे. ते आता बंद झालं, पण रेंज तशीच लपाछपीची, आणि 2020 ला सत्तरी-सांगे तालुक्यांतल्या पोरांना ऑनलाईन वर्गासाठी डोंगर चढावा लागला होता हे विसरण्यासारखं नाही. सुर्ल्याच्या पानावर त्याने कुठल्या वळणावर कोणाचं नेटवर्क येतं तेही लिहिलंय.

आता खटकलेल्या गोष्टी. दुपारी एक ते चार शटर बंद, म्हापशाहून दुपारच्या बसने आलात तर बाहेर उभे राहाल. लॅमिनेशन आणि झेरॉक्स बाजारापेक्षा महाग. कव्हरचे नमुने जुने. एका वेळी एकाशीच बोलतो आणि निवांत बोलतो, मागे रांग लागली तरी, घाई असेल तर वैताग येईल. रिचार्जला अ‍ॅपसारखी प्लॅटफॉर्म फी लावत नाही ही जमेची बाजू.

पोर्ट करायचंच असेल तर जायच्या आधी 1900 ला पोर्टचा मेसेज टाकून कोड घेऊन जा, कोड आपल्या सर्कलमध्ये 4 दिवस चालतो, आणि आधार घ्या. एकदा पोर्ट झालं की 90 दिवस परत बदलता येत नाही, म्हणून आधी वही बघायला मागा, लाजू नका, तो दाखवतो. आणि सिम घेतलंत तर पंधरा दिवसांनी परत जाऊन घरात कुठे रेंज येते, कुठे येत नाही ते सांगा, त्याला लिहून घ्यायचं असतं. माझ्याकडून 5 पैकी साडेचार, अर्धा दुपारच्या शटरचा कापला.