दहा रुपयांची थाळी, काट्यावर ठेवून

पुण्याच्या मार्केट यार्डात 22 वर्षं तोलणाराचं, म्हणजे माल वजन करून देण्याचं, काम करतोय. त्यामुळे ताट समोर आलं की चवीआधी वजन डोळ्यात भरतं, खोडच म्हणा. आमच्या गाळ्यापासून पाच मिनिटांवर बचत गटाच्या बायका शिवभोजन, म्हणजे राज्य सरकारच्या दहा रुपयांच्या थाळीचं, केंद्र चालवतात. 2022 पासून आठवड्यातून तीन-चारदा मी तिथंच जेवतो.

सरकारी मापात थाळी अशी: 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. एकदा डब्यात घेऊन आलो आणि गाळ्यावरच्या काट्यावर एकेक ठेवलं. दोन चपात्या मिळून 52. भाजी 90. भात मात्र 190! म्हणजे चपातीत मारलेलं भातात भरून देतात. वरण वजनाला बरोबर, पण पाण्याचं. डाळ तळाशी बसलेली असते, "मावशी, खालून घाला" म्हणावं लागतं. कोबी झकास करतात, मोहरी-मिरचीवर परतलेली, गाळ न झालेली. दुधीच्या दिवशी मी जात नाही.

ताटाआधी मोबाइलवर फोटो काढतात, नाव विचारतात. हिशेबाला लागतं, कबूल. पण मागं एकदा माझ्यापुढं एक वॉचमन होता. फोटोच्या वेळी त्यानं टोपी काढली आणि तीच टोपी छातीवरच्या बिल्ल्यावर धरली. मावशी काही बोलली नाही. तसाच फोटो काढला.

हमाल इथं कमीच. त्यांना हमाल पंचायतीचं, म्हणजे त्यांच्याच संघटनेचं, 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र 1974 पासून आहे, आणि भाकरीवर वाढलेल्याला या दोन चपात्या म्हणजे तोंड चाळवणं. येतात ते वॉचमन, पार्सलवाली पोरं, एमपीएससीवाले. एक पोरगा खिशात लोणच्याची पुडी घेऊन येतो, अर्धी खातो, अर्धी दुमडून परत ठेवतो. भीक मागणारा मी इतक्या वर्षांत एखादाच पाहिला. बाकी सगळे कामावरून आलेले आणि कामावर जाणारे. अर्थव्यवस्थेत आपण ब्रिटनला मागं टाकलं ही बातमी मी याच रांगेत वाचली. त्या आठवड्यात रांग होती तेवढीच होती.

हिशेब मात्र डोक्यातून जात नाही. शहरात या थाळीचा खर्च सरकारनं 50 रुपये धरला: 10 आपले, 40 अनुदान. आणि गरिबी कशी मोजायची ते ठरवणाऱ्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं 2011-12 ची शहरी दारिद्र्यरेषा निघाली माणशी महिना 1000, म्हणजे दिवसाला 33. योजना आली 26 जानेवारी 2020 ला, मधली महागाई सढळ हातानं धरून दुप्पटच करा, 66. सरकारनंच धरलेल्या खर्चानं त्यातले 50 दुपारीच संपले. उरलेल्या 16 रुपयांत रात्रीचं जेवण, खोलीभाडं, औषध आणि पीएमटीचं तिकीट बसवून दाखवा. यार्डात असं घ्यायचं एक वजन आणि द्यायचं दुसरं ठेवलं तर आम्ही काटाच जप्त करायला लावतो.

केंद्राला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. अर्धा वरणाचा कापला, एक दुधीचा. साडेबाराच्या आत पोचा, दीडपर्यंत कोटा संपतो. पाण्याची बाटली आपली न्या, आणि दहाची नोट सुट्टी ठेवा, नाहीतर मावशी शंभराच्या नोटेकडे बघत बसते आणि मागचे ओरडतात.