पंपाच्या चाचणीचा डेटा आणि लॅबव्ह्यूची फाइल

कुपवाड एमआयडीसीत आमचं पंप तपासायचं बेंच आहे. कृष्णाकाठच्या उपसा पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त झाले की आमच्याकडं येतात. डिस्चार्ज, प्रेशर, मोटरचा करंट, टॉर्क नोंदवून रिपोर्ट द्यायचा. हे सगळं लॅबव्ह्यूवर चालतं, म्हणजे ओळी लिहिण्याऐवजी चित्रातले ब्लॉक वायरींनी जोडून प्रोग्रॅम करायच्या सॉफ्टवेअरवर. १९८६ पासून हे सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या डायल-दिव्यांच्या पॅनलचं कौतुक सगळेच करतात. मला बोलायचंय ते फाइलबद्दल. चाचणी संपल्यावर पॅनल कोण बघतंय? पुढच्या हंगामात सोसायटीचे लोक येऊन विचारतात, "साहेब, मागच्या खेपेला हा पंप किती पाणी फेकत होता?" तेव्हा फाइल बोलली पाहिजे.

नवी पोरं आधी हात घालतात ते ‘राइट डिलिमिटेड स्प्रेडशीट’ला, म्हणजे आकडे टेक्स्ट फाइलमध्ये लिहिणाऱ्या तयार ब्लॉकला. ॲरे (आकड्यांची यादी) जोडा, फाइलचा पाथ द्या, काम झालं. चाचणीच्या शेवटी एकदाच लिहायचं असेल तर झकास. पण हा ब्लॉक दर वेळी फाइल उघडतो, लिहितो आणि बंद करतो, त्यामुळं लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, टाकला की वेग गेलाच. ‘अपेंड’ला (आधीच्या मजकुरापुढं जोडायला) ट्रू दिलं नाही तर प्रत्येक फेरीला आधीचं पुसलं जातं. शिवाय आपण काही सांगितलं नाही तर तो तीनच दशांश स्थळं लिहितो. लोडसेलचे (टॉर्कसाठी भार मोजणाऱ्या सेन्सरचे) ०.००२१४ व्होल्ट फाइलमध्ये ०.००२ होऊन बसतात, म्हणजे टॉर्कमध्ये साडेसहा टक्क्यांचा फरक! पंपाची एफिशियन्सी काढणाऱ्याला हे परवडत नाही. किती दशांश स्थळं हवीत ते सांगणारी फॉरमॅटची वायर न विसरता जोडा.

त्यापेक्षा फाइल उघडणे, लिहिणे, बंद करणे हे तीन ब्लॉक सुटे वापरावेत. चित्रातून प्रोग्रॅम करण्याचा खरा फायदा मला इथं दिसतो. उघडायचा ब्लॉक लूपच्या डावीकडं, लिहायचा आत, बंद करायचा उजवीकडं, आणि तिघांतून जाणारी फाइलची एकच वायर. फाइल किती वेळा उघडली जातेय हे वाचावं लागत नाही, नजरेलाच कळतं. सोबत एररची वायरही तशीच ओढली की क्रम चुकत नाही.

पण माझं मत टीडीएमएसला, म्हणजे लॅबव्ह्यूच्या मोजमापाच्या डेटासाठीच्या खास फाइल प्रकाराला. यात फाइल, तिच्यात ग्रुप, ग्रुपमध्ये चॅनल अशी मांडणी असते आणि तिन्ही पातळ्यांवर हवी ती माहिती चिकटवता येते. आम्ही फाइलवर पंपाचा नंबर आणि इंपेलरचा व्यास लिहितो, डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या प्रत्येक स्थितीला एक ग्रुप करतो, आणि चॅनलवर सेन्सरचं कॅलिब्रेशन कधी झालं ते टाकतो. आकडे आणि त्यांची ओळख एकत्र राहते, वेगळी वही शोधावी लागत नाही. डेटा तुकड्यातुकड्यांनी लिहिला जातो, त्यामुळं मध्येच लाइट गेली तरी डिस्कवर पोचलेला भाग सहसा वाचता येतो. महत्त्वाच्या टप्प्यावर साठलेला डेटा लगेच डिस्कवर ढकलणारा ‘टीडीएमएस फ्लश’ लावून ठेवावा.

उणं काय? एकेक रीडिंग सुटं लिहिलं की फाइलचे बारीक तुकडे होतात, शेजारची इंडेक्स फाइल फुगते आणि उघडायला वेळ लागतो. सेकंदभराचा डेटा साठवून एकदम लिहा. जुन्या फाइलींसाठी हे तुकडे जुळवणारा डिफ्रॅगमेंटचा ब्लॉक आहे. इंडेक्स फाइल उडाली तर घाबरायचं कारण नाही, ती पुन्हा तयार होते. एक्सेलमध्ये उघडायला ॲड-इन लागतं, पायथनमध्ये प्रोग्रॅम करणाऱ्यांना या फाइली वाचणारी एनपीटीडीएमएस लायब्ररी आहे.

लॅबव्ह्यूची २०२० पासूनची मोफत कम्युनिटी आवृत्ती घरी शिकायला उत्तम, मात्र धंद्यासाठी चालत नाही. वर्कशॉपवाल्यांनी लायसनचा खर्च धरूनच विचार करावा.

गिऱ्हाइकाला साधी टेक्स्ट फाइल देणार असाल तर वेळेकडं लक्ष द्या. लॅबव्ह्यू १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजतो, तेही यूटीसीत, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक प्रमाणवेळेत. एक्सेलची मोजणी १९०० पासून आणि दिवसांत. नुसता आकडा गेला असेल तर त्याला ८६,४०० ने भागा, १,४६२ मिळवा आणि आपल्या साडेपाच तासांसाठी ५.५ भागिले २४ मिळवा. त्याहून बरं म्हणजे लिहितानाच ‘फॉरमॅट डेट/टाइम स्ट्रिंग’ लावून तारीख-वेळ सरळ मजकुरात टाका.