पाचारण आणि कला : चित्रकाराची खोली, कीर्तनाचा फड की कलेची शाळा?

आपल्या अंगी असलेली कला देवाने दिलेली आहे आणि तिच्यामुळे माणसे एकत्र यावीत, मंडळी (चर्चमधला श्रद्धावंतांचा समुदाय) बांधली जावी, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांची श्रद्धा बहुधा पक्की असते. अडचण येते ती मार्ग निवडताना. नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रे काढावीत, मंडळीतच राहून भजन-कीर्तन उभे करावे, की एखाद्या धर्मसंघाच्या, म्हणजे व्रतस्थ धर्मगुरूंच्या संस्थेच्या, आधाराने कलाशाळेत शिकवावे? या तिन्ही वाटांनी आपल्याकडे माणसे चाललेली आहेत आणि त्यांच्या कामाचे पुढे काय झाले हे आज पाहता येते. हा आढावा त्या आधारे केलेला आहे.

तुलना करायची तर कसोटी आधी ठरवावी लागते. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात परमेश्वर बसालेल या कारागिराला नाव घेऊन बोलावतो आणि सोने, रुपे, पितळ, लाकूड यांत काम करण्याचे कौशल्य त्याला देतो. हा भाग आपल्याकडे पुष्कळदा वाचला जातो. 35व्या अध्यायातले पुढचे वाक्य मात्र सहसा कोणी थांबून वाचत नाही : बसालेलाच्या आणि त्याचा सोबती अहलियाब याच्या मनात देवाने दुसऱ्यांना शिकवण्याची बुद्धीही घातली. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, केवळ त्या दोघांनीच बांधला नाही. सूत कातणाऱ्या स्त्रियांपासून सुतारांपर्यंत अनेकांचे हात त्याला लागले. म्हणून समाज बांधण्याचे पाचारण, म्हणजे देवाचे बोलावणे, आपल्याला आहे असे जो म्हणतो त्याच्या कलेत इतरांचे हात कुठे आणि किती लागतात, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो. पोट कशावर चालणार, नकार देण्याचा अधिकार कोणाकडे असणार आणि तुमच्यामागे काय उरणार, हे प्रश्न त्याच्यानंतरचे.

पहिली वाट चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची. 1902 मध्ये गोव्यातील सांत इस्तेव बेटावर जन्मलेले फोन्सेका शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या परंपरेत तयार झाले. 1930च्या सुमारास गोव्याला परतून त्यांनी साडी नेसलेली मरिया आणि भारतीय चेहऱ्यामोहऱ्याचा येशू रंगवायला सुरुवात केली, तेव्हा तिथल्या ख्रिस्तसभेतील वजनदार मंडळींना ते मानवले नाही आणि त्यांना गोवा सोडावा लागला. आसरा मिळाला तो पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात. हा आश्रम अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, परंपरेतला आणि चित्रकार कॅथलिक. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. कॅथलिक धर्मसभेने सर्व लोकांच्या आणि प्रदेशांच्या कलेला उपासनेत मोकळे स्थान दिले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 सालच्या दस्तऐवजात, म्हणजे फोन्सेकांनी गोवा सोडल्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी.

या वाटेचे बळ असे की कलाकाराची दृष्टी कोणाच्याही पसंतीसाठी वाकवावी लागत नाही. ज्या बंगाल शैलीत फोन्सेका शिकले तिच्यातील वॉश पद्धत पाहिली तरी या कामाचा स्वभाव कळतो. जलरंगाचा पातळ थर द्यायचा, कागद पाण्यात भिजवून जादा रंग उतरू द्यायचा, वाळू द्यायचे आणि पुन्हा थर चढवायचा. असे अनेकदा झाल्यावर रंग कागदातूनच उमलल्यासारखा दिसतो. हे काम घाईने होत नाही आणि दहा जणांत वाटूनही देता येत नाही. त्याला निवांत खोली लागते, आणि ती खोली सांभाळणारी माणसे लागतात. फोन्सेकांची साडीतली मरिया समाजापुढे आली, तिने अनेकांना ख्रिस्त आपल्या मातीतला वाटू दिला, पण हे हळूहळू घडले आणि पुष्कळसे त्यांच्या पश्चात घडले. 1967 मध्ये ते वारले. त्यांच्या पत्नीने चित्रांचा संग्रह अनेक वर्षे जिवापाड जपला आणि पुढे तो गोव्यातील पर्वरीच्या झेव्हियर इतिहास संशोधन केंद्राकडे सोपवला. ज्या भूमीने चित्रे नाकारली तिथेच ती परत गेली, याचे मला फार समाधान वाटते. तरीही निवड करणाऱ्याने हे लक्षात घ्यावे की या वाटेवर समाज चित्रापुढे उभा राहतो, ते रंगवायला त्याचा हात लागत नाही.

दुसरी वाट कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. इथे मी जास्त थांबणार आहे, कारण मराठी ख्रिस्ती माणसाच्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन याच वाटेवर आहे. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा मंडळीत गायली जाणारी बरीच गीते परदेशी चालींवरची भाषांतरे होती. ख्रिस्ती कीर्तनाचा पाया त्यांच्याआधीच अहमदनगर भागात, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या माणसांनी घातलेला होता. टिळकांनी त्या परंपरेला संतांच्या अभंगाचे तेज दिले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते उघड सांगत, आणि त्यांच्या अभंगांतून ते ऐकूही येते.

कीर्तन समाज कसा बांधते हे जवळून पाहण्यासारखे आहे. पूर्वरंगात कीर्तनकार अभंगाचे एक चरण घेतो आणि त्यावर निरूपण करतो. उत्तररंगात आख्यान लावतो, समजा लूकच्या 15व्या अध्यायातल्या उधळ्या पुत्राचे. मुलगा डुकरांच्या शेंगांवर पोट भरायला निघाला आहे असे सांगून तो थांबतो आणि ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरतो. साथीदार ते उचलतात, मग पुढच्या रांगेतल्या बाया, मग मागे भिंतीला टेकून उभी असलेली तरुण पोरे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याच्याही तोंडी घरी जाताना ते चरण असते. नवे गीत बसवतानाही असेच होते : ओळ आधी नुसती म्हणून घ्यायची, मग पेटीवर सुरात, आणि शब्द पक्के झाले की तबल्याचा ठेका. तालमीच्या या तासात कोणाचा आवाज बसला आहे, कोणाच्या घरी आजार आहे, कोण बरेच दिवस आले नाही, हे सगळे आपसूक कळते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात पौल प्रत्येकाने आपापले स्तोत्र, आपापली शिकवण घेऊन एकत्र यावे आणि सर्व काही उन्नतीसाठी व्हावे असे सांगतो. त्याचे इतके सरळ रूप मला दुसऱ्या कोणत्या कलेत दिसत नाही.

या वाटेच्या अडचणीही खऱ्या आहेत. मंडळीचे गाणे ही सर्वांच्या जिव्हाळ्याची बाब असल्यामुळे त्यावर सर्वांचा हक्क असतो. जुन्या पिढीला स्तोत्र ठरलेल्या चालीतच हवे असते, तरुणांना गिटार आणि कीबोर्ड हवा असतो, आणि टाळ-मृदंग पाहून कोणीतरी हे आपले नव्हे असे म्हणतेच. पाळक आणि पंच यांची संमती लागते, आणि ती दर वेळी मिळत नाही. ज्याला मतभेद सोसत नाहीत, त्याने ही वाट विचारपूर्वक घ्यावी. दुसरी अडचण व्यक्तिमाहात्म्याची. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार हा ख्रिस्तानुयायांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. परंतु 1919 च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. टिकली ती गीते. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही मराठी उपासनेत ती गायली जातात, कारण ती माणसांच्या मुखी बसलेली होती. त्यांचे अपुरे राहिलेले ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्या कोणत्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या. ओवी त्यांच्या कानावर लहानपणापासून होती आणि तेवढ्या बळावर त्यांनी हे काम पेलले. वॉश पद्धतीचे अर्धे चित्र असे दुसऱ्याला पुरे करता आले नसते.

या दोन वाटा एकमेकींना अनोळखी नाहीत. पुण्याचा आश्रम ज्या जॅक विन्स्लो यांनी उभारला, त्यांनीच टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. टिळकांचा दरबार विरला, तरी त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्या माणसाच्या आश्रमाने पुढे एका चित्रकाराला खोली दिली.

तिसरी वाट संस्थेची. मुंबईत अंधेरीला फादर जॉर्ज प्रोक्ष यांनी ज्ञान आश्रम उभारून भारतीय संगीत आणि नृत्य यांतून ख्रिस्ती आशय मांडला. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला 1977 मध्ये सुरू झालेले कलई काविरी आज भरतनाट्यम आणि संगीत शिकवणारे महाविद्यालय आहे. बसालेलाची शिकवण्याची बुद्धी इथे सर्वांत पद्धतशीरपणे कामी येते. विद्यार्थी दरवर्षी येतात, अन्य धर्मांतलेही येतात, आणि संस्थापक गेला तरी वर्ग चालू राहतो. मात्र शुल्क, मान्यता, इमारतीची डागडुजी आणि शिक्षकांचे पगार यांत कलाकाराचा दिवस जातो. शिवाय प्रोक्ष हे धर्मसंघाचे सदस्य होते. त्यांच्या भाकरीची काळजी संघाने घेतलेली होती. प्रापंचिक माणसाने या वाटेची बरोबरी करताना हा फरक विसरू नये. एखाद्या चालू संस्थेत शिक्षक म्हणून रुजू होणे शक्य असेल तर ते उत्तम आहे. स्वतः संस्था काढण्याचा विचार मी तरी पहिल्या दहा वर्षांत करू नका असेच सांगेन.

पैशाचा आणि घराचा हिशेब याच ठिकाणी मांडायला हवा. टिळकांनी पगार सोडला तेव्हा त्याचा भार लक्ष्मीबाईंनीही उचलला. फोन्सेकांची चित्रे टिकली ती त्यांच्या पत्नीमुळे. दोन्ही ठिकाणी पाचारण एकाच्या नावावर नोंदले गेले आणि ओझे दोघांनी वाहिले. म्हणून विवाहित माणसाने पूर्णवेळ सेवेचा निर्णय प्रार्थनेत एकट्याने घेऊन मग घरी कळवू नये. पत्नीला किंवा पतीला त्या प्रार्थनेत पहिल्या दिवसापासून सामील करावे आणि त्यांचा नकार आला तर तोही देवाकडून आलेला असू शकतो, हे मान्य करावे. मंडळीतल्या भजनसेवेसाठी नोकरी सोडावी लागत नाही. माझ्या दृष्टीने हा त्या वाटेचा फार मोठा गुण आहे.

तेव्हा ज्याला आवाज आहे, ताल आहे, शब्द सुचतात आणि माणसांत राहायला आवडते, त्याने दुसरी वाट घ्यावी, आणि ती आपल्याच मंडळीत घ्यावी. एखाद्या संध्याकाळी चार घरची माणसे जमवून एक अभंग बसवण्यापासून सुरुवात होऊ शकते. ज्याला शिकवण्यातच आनंद मिळतो आणि नियमित वेळापत्रक जाचक वाटत नाही, त्याने तिसऱ्या वाटेवर चालू असलेली संस्था शोधावी.

चित्रकाराचा निर्णय जास्त अवघड आहे. एकांत हा त्याच्या कलेचा भाग असल्यामुळे त्याच्यावर समूहात येण्याची सक्ती करणे योग्य नाही. फोन्सेकांना कोणी कीर्तनाला साथ करायला बसवले असते तर आपणच गरीब झालो असतो. पण त्याने पूर्ण एकटेही निघू नये. आश्रम, धर्मग्राम (चर्चची पॅरिश), एखादे मठवजा घर किंवा निदान एक समंजस पाळक, असा कोणीतरी आधी शोधावा जो चित्र आवडले नाही तरी खोली काढून घेणार नाही. त्यासोबत वर्षातून एकदा आपले कौशल्य सर्वांच्या हाती द्यावे. वसईच्या गावांत नाताळचा गोठा उभारायला तरुण पोरे रात्री जागवतात. बांबू, गवत, माती, दिव्यांच्या तारा यांची जमवाजमव करताना ज्यांचे वर्षभर पटत नाही तेही एकत्र येतात. तिथे चित्रकाराने पडद्यावर आकाश रंगवून द्यावे, आणि पुढच्या वर्षी ते आकाश दुसऱ्या कोणाला रंगवायला शिकवावे. दोन-तीन नाताळ असे काम केल्यावर आपल्याला माणसे हवीत की खोली, हे त्याला स्वतःलाच समजेल, आणि नोकरीचा राजीनामा लिहायचा की नाही हे त्याने त्यानंतर ठरवावे.