नात्यात सारखं बिनसतंय: एकट्याने सीबीटी की जोडीने कपल थेरपी?

सीबीटी म्हणजे आपले विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी थेरपी. दोन्हीचा खर्च एकदम झेपत नाही, मग आधी काय करायचं? मी तरी आधी एकच विचारते, हा त्रास प्रत्येक नात्यात तुमच्या मागे येतोय का?

म्हणजे बघा, ब्लू टिक आली, तासभर रिप्लाय नाही, की लगेच "संपलं, त्याला मी नकोय" असं डोक्यात सुरू, मग चार कॉल, मग भांडण, आणि आधीच्या नात्यातही नेमकं हेच झालेलं, तर सीबीटी. अ‍ॅरन बेक या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात डिप्रेशनसाठी ही पद्धत उभी केली, पण इथेही ती फार कामाची आहे. काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय, दुसरं काही कारण असू शकतं का, हे वहीत लिहायचं आणि मग खरंच करून बघायचं, फोन बाजूला ठेवला तर बेचैनी आपोआप उतरते का ते. साधारण १२ ते २० सेशन धरून चला, आणि होमवर्क टाळला तर पैसे वाया. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, किंवा अ‍ॅपवर मॅच होऊनही जे भेटणं टाळतात, त्यांच्यासाठीही मी हेच सांगेन. याचीच बहीण आरईबीटी, म्हणजे अविवेकी विचार शोधून बदलायची थेरपी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, ती आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांनी रुजवली त्यामुळे मराठीत बोलणारे थेरपिस्टही मिळतात.

पण एकट्याने जाण्यात एक धोका आहे, सगळी चूक आपल्याच विचारांत आहे असं वाटायला लागतं. समोरचा खरंच खोटं बोलत असेल तर? चांगला थेरपिस्ट पुरावा तपासायला लावतो, आणि कधीकधी आपला संशय खरा निघतो!

भांडण दोघांच्या मधलं असेल, एक बोल बोल म्हणून मागे लागतो आणि दुसरा अजूनच गप्प होतो, किंवा पैसे, सासर, वेगळं राहणं यावर गाडी अडते, तर जोडीनेच जा. मात्र दोघांची तयारी हवी, ओढून आणलेला माणूस तिथे नुसता बसून राहतो.

मारहाण, धमक्या, पाळत असेल तर जोडीने सेशन नकोच, तिथे बोललेलं घरी महागात पडतं. बायकांसाठी १८१ हेल्पलाइन आहे.

बुकिंग करताना विचारा की सीबीटीचं ट्रेनिंग कुठे घेतलं, आणि जोडीने आलो तर एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याला कळणार का.