लॅपटॉपला एसएसडी लावताय? मग जुनी हार्ड डिस्क आत ठेवायची की बाहेर काढायची?

चार-पाच वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला चहा होईपर्यंत वेळ घेतो, पण एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) टाकली की तोच पळायला लागतो, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात मात्र पुढचा प्रश्न येतो: २५६ जीबीची एसएसडी टाकून जुनी हार्ड डिस्क डेटासाठी आतच ठेवायची, की एकच १ टीबीची एसएसडी टाकून हार्ड डिस्क काढून घ्यायची? पहिल्यात पैसे वाचतात. तरीही लोकलने लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याने दुसरा पर्याय घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

विंडोज सुरू होणं, क्रोम, एक्सेल उघडणं यात दोन्हींत फरक नाही, कारण दोन्हीकडे विंडोज एसएसडीवरच असतं. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला हवी ती जागा गाठायला साधारण १५ मिलिसेकंद लागतात. एसएसडीला त्याचा शंभरावा भागही लागत नाही. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल्स वाचल्या जातात, म्हणून आधीच्या हार्ड डिस्कच्या मानाने फरक डोळ्यांना दिसतो. एसएसडी जोडायच्या दोन पद्धतींची, सॅटाची ५५० एमबी आणि एनव्हीएमईची ३,५०० एमबी प्रतिसेकंद ही तुलना दुकानात फार ऐकू येते, पण ऑफिसच्या कामाला साधी सॅटाही पुरते. डेटा हार्ड डिस्कवर असला तर गाणी, सिनेमे, फोटो बघायला काही अडत नाही. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांचं मात्र अडतं.

दोन ड्राइव्हच्या मांडणीत खरा त्रास सी ड्राइव्हचा, म्हणजे एसएसडीचा होतो. २५६ जीबी म्हणून घेतलेली एसएसडी विंडोजमध्ये २३८ जीबीच दिसते. त्यात विंडोज, अपडेट्स, ऑफिस बसतं आणि डाउनलोड्सही डीफॉल्टने तिथेच पडतात. वर्षभरात सी ड्राइव्ह भरून लाल होतो आणि शेजारी डी ड्राइव्ह, म्हणजे हार्ड डिस्क, अर्धा रिकामा असतो. हे टाळायचं तर पहिल्याच दिवशी डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या लोकेशन टॅबमधून त्यांची जागा डीवर हलवा. प्रोग्राम्स आणि अ‍ॅपडेटा (प्रोग्राम्सच्या सेटिंग्जचं फोल्डर) हलवायच्या फंदात पडू नका.

आता प्रवास. विरार फास्टमध्ये बसायला मिळालं म्हणून मांडीवर लॅपटॉप उघडला, दादरला घाईने झाकण मिटून तसाच बॅगेत कोंबला आणि गर्दीने ढकलत बाहेर काढलं. तेवढ्या वेळात हार्ड डिस्क फिरतच असेल तर एक धक्काही तिला महागात पडू शकतो. एसएसडीत फिरणारा भागच नाही.

पण माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण बॅकअपचं आहे. ‘डेटा वेगळ्या डिस्कवर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असं धरून चालणारे खूप भेटतात. विंडोज बिघडलं तर डेटा वाचतो, इतपत ते बरोबर आहे. बॅग चोरीला गेली किंवा पावसात लॅपटॉपमध्ये पाणी शिरलं, तर दोन्ही डिस्क एकदमच जातात. मुलांचे फोटो, घराची कागदपत्रं यांची दुसरी प्रत घरी कपाटात हवीच. काढलेली हार्ड डिस्क नेमकी याच कामाला येते: यूएसबी ३.० ची अडीच इंची केस घ्या, डिस्क त्यात बसवा, झाली एक्स्टर्नल डिस्क तयार. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्राम चालवून तिची तब्येत मात्र बघा. ‘कॉशन’ (सावधान) दाखवत असेल तर तिच्यावर विसंबू नका.

मग दोन ड्राइव्ह कुणी ठेवावेत? ज्याचा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही आणि डेटा १ टीबीच्या वर आहे, त्याने खुशाल ठेवावेत. एम.२ स्लॉट (पट्टीसारखी छोटी एसएसडी बसवायची खाच) असेल तर उत्तमच. फक्त तो सॅटा घेतो की एनव्हीएमई, हे मॉडेल नंबरवरून आधी बघा, दोन्हींचा आकार सारखा असला तरी बऱ्याच लॅपटॉपमध्ये चालतं एकच. डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) लावणार असाल तर जाडी ९.५ की १२.७ मिलिमीटर, हे मोजून जा. एसएसडी मूळ जागेत लावा, कॅडीत हार्ड डिस्क.

विंडोज टाकताना जुनी हार्ड डिस्क जोडलेली ठेवू नका. तिच्यावर आधीचं बूट पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्सचा भाग) असेल तर नव्या विंडोजच्या बूट फाइल्स तिथेच जाऊन बसू शकतात. मग पुढे कधी ती डिस्क काढली की लॅपटॉप सुरूच होत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा, नाहीतर काढलेली डिस्क केसमध्ये घालूनही उघडणार नाही. आणि एसएसडीचं पक्कं बिल घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच मागतात.