पणजीचं नाव आणि तालुक्याचं वाचनालय

गेल्या भाद्रपदात म्हाळाच्या दिवशी भटजींनी भावाला नावं विचारली. वडील, आजोबा, पणजोबा झाले. आई झाली, आजी झाली. पणजीपाशी तो अडला. घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. नव्वदीच्या आत्येला फोन लावला, तर ती म्हणाली, "तिचा नाव कोणाक म्हायत? आमी सगळी तिका थोरली आये म्हणायचो." मी 31 वर्षं आरोग्य केंद्रात परिचारिका होते. गावोगावच्या बाळंतपणांच्या नोंदी या हातांनी केल्या आणि माझ्याच पणजीचं नाव कुठल्या कागदावर असेल ते मला सांगता येईना. फार लागलं ते मनाला.

त्या नावासाठी तालुक्याच्या वाचनालयात दोन फेऱ्या झाल्या. त्यातली पहिली वाया गेली, ती मी तयारी न करता गेले म्हणून. "आमच्या घराण्याचा इतिहास बघायचाय," म्हटल्यावर त्यांनी कुलवृत्तांतांचं कपाट उघडून दिलं. जाडजूड, निगुतीने छापलेले ग्रंथ, पण ज्या घराण्यांनी ते काढले त्यांचेच. आम्ही भंडारी, माडावर चढणारी माणसं. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत कोणी काढलेला नाही. दीड तास पानं उलटली आणि परतीची एस.टी. पकडली.

निघताना ग्रंथपालबाईंनी थांबवलं. म्हणाल्या, "ताई, एकच प्रश्न घेऊन या. कोणाचं नाव, कुठलं गाव, अंदाजे कुठलं साल. आणि आदल्या दिवशी फोन करा, संदर्भाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते." या वाचनालयातून मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे हा सल्ला.

मग दोन महिने घरातच शोध घेतला. आजोबांची ट्रंक उघडली. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुनी रेशनकार्डं, जमिनीचे फेरफार, मुंबईहून आलेली पत्रं असं सगळं एका पिशवीत घातलं. वहीच्या एका पानावर वंशावळ मांडली आणि जिथे नाव नाही तिथे मोठं वर्तुळ काढलं. माझ्या कामातून एक ठाऊक होतं. जन्ममृत्यूचं जुनं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, त्यात जन्माची नोंद बहुधा बारशाआधीच होई. त्यामुळे बापाचं नाव असतं, पोरीच्या नावाची जागा रिकामी. तिथे पणजी सापडणं कठीण. शिवाय ते बुक वाचनालयात नसतंच, त्यासाठी तहसीलचा अभिलेख कक्ष गाठावा लागतो.

गाव तेव्हा कोणाकडे होतं, हेही घरूनच बघून जावं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 मध्ये. त्याआधीचे आमच्या किनाऱ्याचे कागद रत्नागिरीच्या नावावर आहेत. पण सावंतवाडी, कुडाळकडची गावं 1948 पर्यंत संस्थानात होती, त्यांची दप्तरं निराळी. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 10वा खंड, 1880 चा, रत्नागिरी आणि सावंतवाडी दोन्हींचा आहे. तो या वाचनालयात आहे. त्यात आपल्या माणसांची नावं मिळणार नाहीत, पण लोक काय पिकवत, काय देणं देत, ते कळतं.

दुसऱ्या फेरीत बाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवरून एक गठ्ठा काढून दिला. त्यात ग्रामस्थ मंडळांच्या, शाळांच्या, देवळांच्या स्मरणिका होत्या. आमच्यासारख्यांचा कुलवृत्तांत तो हाच, असं मला आता वाटतं. गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांनी गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे दिले आणि मंडळाने पै-पैचा हिशोब छापला. शेवटून तिसऱ्या पानावर आजोबांचं नाव होतं, पुढे "मातोश्री कै." आणि त्यापुढे तिचं नाव, स्मरणार्थ रुपये 11. मी ते बोटाने तीनदा वाचलं. समोरच्या टेबलावरचे पेपर वाचणारे काका उठून पाणी घेऊन आले, तेव्हा कळलं की मी रडतेय.

ट्रंकेतला एक मोडी कागदही बरोबर नेला होता. बाईंनी मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींशी गाठ घालून दिली. माडांच्या गहाणाचा कागद निघाला, शके 1809 चा. शकात 78 मिळवायचे, म्हणजे 1887. पौषानंतरची तिथी असेल तर बहुधा 79. आडनाव कुठेच नव्हतं, अमुक बिन तमुक भंडारी एवढंच. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे "कोम" आलं तर अमक्याची बायको. म्हणून नुसत्या आडनावावर शोधू नका, बापलेकांची नावं जोडीने लिहून न्या.

उणं काय तेही सांगते. स्मरणिकांची यादीच केलेली नाही, बाई नसत्या तर तो गठ्ठा कोणाच्या ध्यानातही आला नसता. संदर्भाच्या खोलीत एकच पंखा आणि उजेड बेताचा, चष्मा आणि बॅटरी घेऊन जा. पानं फार कुरकुरीत झालीत, झेरॉक्स मिळत नाही, फोनवर फोटो काढू देतात. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, 1864 पासूनचं ते वाचनालय. तेव्हापासून जुना कागद बघितला की माझा जीव धास्तावतो. या गठ्ठ्याचे नीट स्कॅन व्हावेत असं मी अभिप्राय वहीत लिहून आले आहे आणि त्यासाठी दिवसभर बसायची माझी तयारी आहे.

पणजीचं नाव इथे लिहीत नाही. येत्या म्हाळाला भाऊ ते पानासमोर घेईल, तोवर ते घरातच राहू दे. आत्येला मात्र फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ह्या सासरचा नाव. म्हायेरचा काय होता?"

श्रावणात पुन्हा जाणार आहे. स्मरणिकांचा दुसरा गठ्ठा अजून उघडलेला नाही.