दिवेकर की दीक्षित? माझ्यापुरता निकाल डब्याने लावला

वजन उतरवायच्या या दोन्ही आहारपद्धती घरोघरी पाठ आहेत, त्यामुळे ओळख थोडक्यातच. मी आधी चार महिने आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या सांगण्याप्रमाणे दर दोन तासांनी थोडं थोडं खाल्लं. आता वर्ष होत आलं, डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून फक्त दोन वेळा जेवण चालू आहे.

दिवेकरांचं एक ऋण मान्य करतो. वरणभातावर तूप घेताना चोरी केल्यासारखं वाटायचं, ते त्यांच्यामुळे गेलं. सकाळी चहाच्या आधी केळं, हंगामातली फळं, घरचं साधं जेवण. उपाशी असं कधी वाटलंच नाही आणि दोनेक किलो वजनही उतरलं.

घोडं अडलं ते डब्यांपाशी. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्या माणसाने रोज चार-पाच डब्या भरायच्या, गर्दीत सांभाळायच्या आणि रात्री घासायच्या, हेही एक वेळ जमलं असतं. पण ऑफिसात चार वाजता शेंगदाण्यांची डबी उघडली की ती आपली राहत नाही. सहा हात येतात, चार दाणे उरतात आणि परतफेड म्हणून समोर समोसा येतो. तो नाकारणार कसा? आपण खातोय हे सगळ्यांना दिसतच असतं! बरं, समोसा संपेपर्यंत पुढच्या डबीची वेळ झालेली. दिवसभर डोक्यात खाणंच.

दीक्षितांकडे ही भानगड नाही. खरी भूक लागते त्या दोन वेळा ठरवायच्या, जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं. मधे पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा. "माझं दीक्षित चालू आहे" एवढं म्हटलं की आग्रह करणाराही हात मागे घेतो. अपवाद सासुरवाडीचा. तिथे पाच वाजता पोहे नाकारणं अजून जमलेलं नाही.

पहिले आठ-दहा दिवस डोकं दुखलं, चिडचिड झाली, हेही सांगायला हवं. शिवाय दीक्षित सांगतात ते ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं गप्पा मारत होत नाही. मी सुरुवातीला साडेतीनवरच दमायचो. पण पँट दोन इंच सैल झाली. आता ती जेवणाने की चालण्याने, कोण जाणे. मला चालण्याचा वाटा मोठा वाटतो, आणि व्यायाम काही दिवेकरांनीही माफ केलेला नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, परस्पर जेवणं कमी करू नका. दिवसभर घरी असाल, स्वयंपाकघर हाताशी असेल, तर दिवेकर कदाचित जास्त मानवतील. आमच्या सौ.ना मानवलंय. शेंगदाण्यांची ती डबी आता तिच्याकडे असते. मी पहिल्या जेवणाला बसलो की त्यातलेच मूठभर घेतो.